पावतीपुस्तक आणि प्रस्ताव

(ग्रंथालये व साहित्यसंस्थांच्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला दिलेला विषय आहे 'साहित्यसंस्था आणि खासगी प्रतिष्ठानांचे अर्थसाहाय्य'. उभे आयुष्य बातम्या लिहिण्यात घालवलेल्या माणसाने पैशाविषयी बोलावे, हे थोडे विनोदी आहे. तथापि तालुक्याच्या गावातील एका शतायुषी ग्रंथालयाचा मानद कार्यवाह म्हणून गेली काही वर्षे मी या वाटेने हिंडलो आहे. प्रथम हात हलवत परत आलो आणि नंतर थोडेफार मिळवूनही आणले. तेवढ्याच अधिकारावर बोलतो.

निधी गोळा करणे आपल्याला नवे नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. आजही आपला कार्यकर्ता पावतीपुस्तक घेऊन घरोघर जातो, चहा घेतो, ख्यालीखुशाली विचारतो आणि शंभराची का होईना, पावती फाडूनच उठतो. या पद्धतीत देणारा आपल्याला ओळखत असतो. आपल्या शब्दावर त्याचा विश्वास असतो, म्हणून तो हिशेब मागत नाही. प्रतिष्ठानाच्या कार्यालयात बसलेला अधिकारी मात्र आपल्याला ओळखत नाही. त्याच्या टेबलावर आपल्यासारखे अनेक अर्ज पडलेले असतात आणि जो पैसा तो देणार असतो तो त्याचा स्वतःचा नसतो. पावतीपुस्तकाच्या भाषेत त्याच्याशी बोलू लागलो की संवाद तिथेच तुटतो. आमचा तुटला.

आमच्या संस्थेची शताब्दी जवळ आली होती. एका उद्योगसमूहाच्या न्यासाकडे आम्ही पंचवीस लाखांची मागणी केली. अर्जाची पहिली तीन पाने संस्थेचा देदीप्यमान इतिहास, कोणकोणत्या थोर पुरुषांची पायधूळ तिथे झडली त्यांची नावे, आणि शेवटी 'शताब्दी महोत्सव, स्मरणिका व वास्तूचे नूतनीकरण' असा उल्लेख. अर्ज मीच लिहिला होता आणि त्यातील भाषेचा मला फार अभिमान होता. न्यासाच्या तरुण अधिकारी भगिनींनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, "आपल्याकडे १९२० पूर्वीची नियतकालिके किती आहेत? त्यांची पाने किती? गेल्या वर्षभरात ती किती जणांनी उघडून पाहिली?" आम्हा तिघा पदाधिकाऱ्यांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. परतीच्या एस.टी.त आमचे अध्यक्ष म्हणाले, "त्या बाईंना साहित्याची जाण नाही." मीही मान डोलावली. पण रात्री झोप लागली नाही, कारण जे प्रश्न मी पत्रकार म्हणून इतरांना विचारत आलो, तेच मला विचारले गेले होते.

पुढच्या रविवारी आम्ही कपाटे उघडली. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १८९५ साली सुरू केलेल्या 'मनोरंजन'चे बांधीव खंड होते, 'विविधज्ञानविस्तारा'चे होते. बोट लावले की पानाच्या कडा भुसभुशीत होऊन खाली पडत. त्या काळचा लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे आतूनच जळत जातो. त्याला वाळवीची वा कसरीची गरज नसते. काही खंड असे होते की ते आणखी एकदा उघडले तर पुन्हा मिटण्यासारखे राहिले नसते. ज्या इतिहासाची तीन पाने मी अलंकारिक भाषेत लिहिली होती, तो आमच्याच कपाटात चुरा होत होता आणि आम्ही स्मरणिकेसाठी पैसे मागत होतो.

मोजणीला चार महिने लागले. शाळेतील मुले, दोन निवृत्त शिक्षक आणि एक गृहिणी यांनी ती केली. सव्वा लाखाच्या आसपास पाने निघाली. नवा प्रस्ताव पाच पानांचा झाला आणि त्यात इतिहास फक्त एका परिच्छेदाचा होता. कोणती पाने, किती, कोणत्या स्थितीत, त्यांची स्वच्छता आणि दुरुस्ती कोण करणार, छायांकन कोण करणार, प्रती कोठे ठेवणार, अभ्यासकाला त्या कशा मिळणार, प्रत्येक सहा महिन्यांना किती काम होणार आणि त्याला किती खर्च येणार, एवढेच. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. म्हणून कोणते लेखन सर्वांसाठी खुले करता येईल आणि कोणते केवळ ग्रंथालयात बसून वाचता येईल, याचीही यादी जोडली. पंचवीस लाखांच्या जागी नऊ लाख मागितले.

या टप्प्यावर आणखी एक अडथळा आला, आणि तो सर्वस्वी आमचा होता. न्यासाने विश्वस्तांच्या नोंदीची प्रत मागितली. आमच्या दोन निवडणुकांनंतरचे बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात दाखलच झालेले नव्हते. कायद्याने ते नव्वद दिवसांत द्यावयाचे असतात. कागदोपत्री आमचे विश्वस्त असलेल्यांपैकी दोघे दिवंगत झाले होते. निरलसपणे काम करणाऱ्या माणसांच्या संस्थेत कागद असे मागे पडतात, कारण 'आपल्यात कोण खोटे बोलणार' हा भाव असतो. भाव चांगला आहे, पण परक्याला तो दिसत नाही. ते सगळे निस्तरण्यात आमचे दीड वर्ष गेले आणि तेवढ्या काळात आणखी काही पाने गेली. आपल्यापैकी ज्यांच्या संस्थेचे बदल अर्ज, लेखापरीक्षण आणि प्राप्तिकराची नोंदणी अद्ययावत नसेल, त्यांनी प्रतिष्ठानाचा पत्ता शोधण्यापूर्वी ते करावे. बारा-ए, ऐंशी-जी ही नावे आपल्या तोंडी रुळली आहेत. परंतु २०२० च्या दुरुस्तीनंतर ही नोंदणी कायमची राहिली नाही, तिचे मुदतीत नूतनीकरण करावे लागते. त्यातच १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आला. तेव्हा कलमांचे क्रमांक आपल्या सनदी लेखापालांकडून तपासून घ्यावेत. माझ्यावर विसंबू नये.

आता पैसा कोठे आहे ते पाहू. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या वा नफ्यातील कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. कोणत्या कार्यावर, हे त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. ते मी आशेने वाचले. त्यात 'साहित्य' हा शब्द नाही. राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचे जतन आहे, सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी आहे, शिक्षण आहे. म्हणजे आपल्या कामातील जो भाग खरोखर वारसा, ग्रंथालय वा शिक्षण आहे, तोच घेऊन त्या दारात जाता येते. ओढूनताणून कविसंमेलनाला 'शिक्षण' म्हणू नये. समोरची माणसे ते ओळखतात.

सोहळ्यांचे तर उघडच आहे. एकवेळचे कार्यक्रम, पुरस्कार, जाहिराती हे यात धरू नयेत, असे केंद्र सरकारने २०१४ सालीच परिपत्रकाने स्पष्ट केले. आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्वही यात बसत नाही. संमेलनाच्या मंडपावर फलक लावून कंपनी पैसे देईल, पण ते तिच्या जाहिरातीच्या खात्यातून. आपण मात्र आयुष्यभर मागत आलो ते मंडप, स्मरणिका आणि शाल-श्रीफळ यांच्यासाठी.

त्याच कायद्यात तालुक्याच्या संस्थांसाठी एक उपयोगाचा मुद्दा आहे. कंपनीने आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे त्यात म्हटले आहे. मुंबईच्या बड्या नावांमागे धावण्यापूर्वी आपल्याच औद्योगिक वसाहतीत कोण आहे ते पाहा. तिथला व्यवस्थापक कदाचित आपल्या ग्रंथालयाचा सभासद असेल. संस्थेची केंद्राकडे सीएसआर-१ ही नोंदणी हवी आणि तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. आणि मार्चअखेरीस जाऊ नका. वर्षाचा कृतिआराखडा संचालक मंडळ आधीच ठरवते.

खासगी कुटुंबांचे न्यास याहून मोकळे असतात. सातवे परिशिष्ट त्यांना बांधत नाही. न्यासपत्रात जे उद्देश लिहिले असतील ते त्यांना बांधतात, म्हणून ते वाचून जावे. टाटा न्यासांनी 'पराग' उपक्रमातून भारतीय भाषांतील बालसाहित्य आणि शाळांतील ग्रंथालये यांना दीर्घकाळ बळ दिले. मराठी बालसाहित्यासाठी धडपडणाऱ्या आपल्यापैकी किती संस्था त्या दारापर्यंत गेल्या?

परदेशस्थ मराठी बांधवांविषयी एक सावधगिरीची सूचना. अमेरिकेतला पुतण्या भारतीय पारपत्र बाळगून असेल आणि स्वतःची बचत बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परकीय देणगी ठरत नाही. तोच तिथला नागरिक झाला असेल, तर ओसीआय कार्ड असले तरी कायद्याच्या दृष्टीने तो परकीय स्रोत आहे. ते पैसे घ्यायला गृहमंत्रालयाची नोंदणी वा पूर्वपरवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच यावे लागतात. प्रेमापोटी घेतलेल्या एका धनादेशाने संस्था अडचणीत येऊ शकते.

ही सगळी उठाठेव आपल्या परंपरेत बसते का, असा प्रश्न मला ज्येष्ठांनी विचारला आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली, तिचे भाग विकले आणि तेवीस खंड महाराष्ट्राच्या हाती ठेवले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा संकल्प केला, तेव्हा औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे आश्वासन दिले. १९१९ साली सुरू झालेले काम १९६६ साली पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. सत्तेचाळीस वर्षे संस्थाने, सरकारे आणि विद्यापीठे पैसा देत राहिली, ती कशाच्या बळावर? १९२७ साली आदिपर्वाचा पहिला भाग छापून बाहेर आला आणि देणाऱ्याला आपल्या पैशाचे काय झाले ते हातात घेऊन पाहता आले. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांसारखा संपादक होता, त्याची पद्धत लिखित होती. देणगीदार बदलले, राज्य बदलले, संपादकही बदलले, पद्धत राहिली.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवतो, ते आपल्याला टोचेल. २०१० साली रोहन मूर्ती यांनी भारतीय अभिजात ग्रंथांच्या मालेसाठी बावन्न लाख डॉलर दिले, ते हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेला. २०१५ पासून ग्रंथ निघू लागले आणि २०१६ साली त्या मालेच्या प्रमुख संपादकांविरुद्ध भारतातील अनेक विद्वानांनी निवेदन काढले. आक्षेप काय होते, ते आपण जाणता. माझ्या मनात मात्र दुसरा प्रश्न राहिला आहे. त्या वर्षी एखादा भारतीय दाता तेवढीच रक्कम घेऊन आपल्या एखाद्या संस्थेच्या दारी आला असता, तर संपादक मंडळ, मुद्रणाचे निकष आणि पुढच्या दशकांची योजना यांचा कागद आपण त्याच्यासमोर किती दिवसांत ठेवला असता?

देणाऱ्याच्या अटींबद्दल. कोनशिलेवर नाव घालावे, अहवाल द्यावा, हिशेब तपासू द्यावा. यात कमीपणा नाही. कोणता पाठ छापायचा, कोणते पुस्तक विकत घ्यायचे, हे त्याने ठरवू नये आणि हे करारात लिहून घ्यावे. आमच्याकडे एक सद्गृहस्थ मोठी रक्कम द्यायला तयार होते. अट एकच, त्यांच्या वडिलांचा कवितासंग्रह संस्थेने प्रकाशित करावा. कविता वाचून आम्ही रक्कम नाकारली. गावात त्यावर बरीच चर्चा झाली.

आणि वेतन. प्रस्तावात माणसाचा पगार लिहायला आपला हात थरथरतो, कारण आपण स्वतः कधी घेतला नाही. सव्वा लाख पाने छायांकित करणारी मुलगी रोज सात तास उभी असते. तिच्या पगाराचा आकडा आम्ही पहिल्या मसुद्यात 'इतर खर्च' या नावाखाली लपवला होता. त्या अधिकारी भगिनींनीच तो बाहेर काढायला लावला आणि वाढवायलाही सांगितले.

नऊ लाखांपैकी सात मंजूर झाले, दोन हप्त्यांत. पहिल्या हप्त्याचा अहवाल गेला आहे, 'विविधज्ञानविस्तारा'चे काम निम्म्यावर आले आहे. 'मनोरंजन'च्या सुट्या अंकांची मोजणी अजून बाकी आहे. ती झाल्याखेरीज दुसऱ्या प्रस्तावाचा आकडा लिहिता येणार नाही. दर रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही बसतो. आपल्या संस्थेत हे काम सुरू करण्यापूर्वी कुणाला पाहायला यायचे असेल तर यावे. हातमोजे आम्ही देऊ.