गोठ्यातला जमाखर्च

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा पाठ)



या वाचनालयाशी माझा पहिला संबंध आला तो ग्रंथांमुळे नव्हे, दुधामुळे. शहरातले रतीब घालून झाले की सायकलला रिकाम्या बरण्या अडकवून मी येथील वाचनकक्षात येऊन बसत असे. अंगाला शेणाचा वास येतो म्हणून मला कधी कोणी उठविले नाही. विषय निवडण्याची मुभा मिळताच मी गोठा निवडला, तो त्या ऋणाची आठवण ठेवूनच.

आमची शेती साडेतीन एकरांची, बेळगावच्या दक्षिणेस येळ्ळूरच्या बाजूला. पावसाळ्यात भात, भात निघाले की त्याच ओलीवर मसूर. दावणीला दोन बैल, तीन म्हशी आणि असतील ती रेडके.

शेताच्या कामाला हंगाम असतो, गोठ्याच्या कामाला नसतो. आई पहाटे चारला उठे. शेण काढून परड्यातल्या उकिरड्यावर टाकायचे, गोठा झाडायचा, सरकी-पेंडीचे आंबोण म्हशीपुढे ठेवायचे, रेडकू सोडायचे, म्हैस पान्हावली की त्याला ओढून बांधायचे आणि मग धारेला बसायचे. दुपारी शेणी थापणे, बांधावरचे गवत कापून भारा आणणे. संध्याकाळी पुन्हा पहाटेचेच सारे. एका जनावरामागे दिवसाला १५ किलो शेण धरले तरी पाच जनावरांचे ७५ किलो होते. दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात ५०-६० लिटर पाणी लागते. हे सगळे बुट्टीने आणि घागरीने एका बाईच्या डोक्यावरून जात-येत होते.

बैल वडिलांकडे. तेही काम कष्टाचेच. पण त्याला मान होता. कारहुणवीला बैलांची शिंगे रंगत, वाजतगाजत मिरवणूक निघे. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून पळवीत, तेव्हाही पुढे पुरुषच असत. म्हशी रोज धुणारी दारातून पाहत उभी राही.

दुधाचा हिशेब वडील चोपडीत लिहीत. रतिबाचे पैसे जमेला. पेंड, कडबा आणि गुरांचा डॉक्टर खर्चाला. महिनाअखेर चार पैसे शिल्लक दिसत आणि त्या पैशांवर माझे शिक्षण झाले. पुढे बँकेत नोकरीला लागल्यावर एका सुट्टीत मी आईच्या तासांना शेतमजुरीचा दर लावून पाहिला. शिल्लक तर राहिली नाहीच, उलट घरच तिचे देणे लागत होते. वडिलांना कागद दाखविला. “घरच्या माणसाची मजुरी कोण धरतंय?” असे म्हणून त्यांनी तो परत केला. ते कठोर नव्हते. पिकांचा उत्पादनखर्च काढताना कृषिमूल्य आयोग घरच्या श्रमांचेही मोल धरतो. आमच्या चोपडीत तो रकानाच नव्हता.

ट्रॅक्टर आला आणि गोठे ओस पडले, असे आपण नेहमी ऐकतो. बैलांपुरते ते खरे आहे. आमच्या म्हशी मात्र आईचे गुडघे गेले त्या साली, १९९१ मध्ये, विकल्या गेल्या. सुनांनी ते काम अंगावर घेण्यास नकार दिला. मी त्यांना दोष देत नाही.

म्हैस परक्या हाताला पान्हा चोरते, त्यामुळे आईला कधी एक रात्रही बाहेर राहता आले नाही. १९७४ च्या श्रावणात तिचे वडील वारले. माहेर खानापूरच्या पलीकडे, रानातल्या वाटेचे. सकाळची धार काढून ती निघाली. आजची रात्र ती तिथेच राहणार, असे आम्ही सर्वांनी धरले होते. संध्याकाळी तिचे जुने लुगडे अंगाभोवती गुंडाळून मी चरवी घेऊन म्हशीखाली बसलो. ही युक्ती आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. म्हशीने मान वळवून लुगडे हुंगले. क्षणभर मला वाटले, साधले. मग तिने पाय झाडला आणि चरवी कलंडली. दुसऱ्यांदा बसलो, तेव्हा तळ झाकेल एवढे दूध निघाले.

नऊच्या सुमारास पावसात भिजत आई आली आणि घरात न जाता तशीच गोठ्याकडे वळली. तिची चाहूल लागताच म्हैस रेकली. मी अंगावरचे लुगडे सोडीत होतो. माझ्याकडे पाहून ती हसली नाही, आजोबांविषयीही काही बोलली नाही. पदर पिळता पिळता तिने एवढेच विचारले, “रेडकाला पाजलास काय रे?”