खुकरीवरचा तरुण लेफ्टनंट

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



सचिवसाहेबांनी मला संस्थेच्या पंचवीस वर्षांच्या जमाखर्चावर बोलायला सांगितले होते. जन्मभर बँकेत जमाखर्चच केला, म्हणून आज वेगळे बोलतो. त्याला कारणही आहे. आपल्या वसाहतीतला एक मुलगा यंदा बोटीवरच्या नोकरीसाठी निघाला आहे. परवा त्याची आई घरी आली. म्हणाली, "काका, तुम्ही तरी सांगा न जी त्याले, नको जाऊ म्हणून." मी त्या माउलीला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो.

आपण शहापूरची माणसे. आपले पाणी म्हणजे वैनगंगा, तलाव आणि बोड्या. समुद्र कुठे, आपण कुठे! पण 1971 च्या डिसेंबरात तो समुद्र आमच्या घरात आला होता, रेडिओतून. मी तेव्हा बी.कॉम.ला होतो. जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी जवळ, त्यामुळे ब्लॅकआउट कडक. खिडक्यांना काळे कागद लावून आम्ही बातम्या ऐकत बसायचो. 4 डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाने कराचीवर हल्ला केला, तेव्हा वडिलांनी गूळ वाटला. त्यानंतर काही दिवसांनी बातमी कळली की आय.एन.एस. खुकरी बुडाली. त्या दिवशी घरात कुणी फारसे बोलले नाही.

खुकरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. स्वतःचे लाइफ जॅकेट दुसऱ्याला देऊन ते जहाजाबरोबर गेले. त्यांना महावीर चक्र मिळाले. आज मी सांगणार आहे ते त्याच जहाजावरच्या एका तरुण अधिकाऱ्याबद्दल, लेफ्टनंट व्ही. के. जैन यांच्याबद्दल.

जैन नौदलाच्या इलेक्ट्रिकल शाखेतले. मुंबईत तुर्भ्याला भाभा अणु संशोधन केंद्रात ते संशोधन करत होते. विषय होता सोनार. मुलांनो, सोनार म्हणजे दागिने घडवणारा नव्हे! पाण्यात आवाज सोडायचा, तो पाणबुडीवर आपटून परत आला की ऐकायचा आणि ती कुठे आहे ते ओळखायचे, असे हे यंत्र. आपल्या जहाजांवरच्या सोनारचा पल्ला कमी पडत होता. तो वाढवणारे उपकरण जैन यांनी तयार केले होते.

दीवच्या समोर शत्रूची पाणबुडी असल्याचा सुगावा लागला. तिला शोधायला 8 डिसेंबरला खुकरी आणि किरपाण मुंबईहून निघाल्या. नवे उपकरण खुकरीवर बसवले होते आणि जैन स्वतः त्याच्याबरोबर होते.

आता अडचण बघा. जहाज वेगात गेले की त्याच्याच आवाजात परतीचा आवाज हरवतो. नीट ऐकायचे तर हळू जावे लागते. खुकरी चालली होती 12 नॉट्सने, म्हणजे ताशी सुमारे 22 किलोमीटर. आपल्या गल्लीत स्कूटर जाते तेवढी. आणि पाणबुडीसमोर हळू जाणे म्हणजे स्वतःला निशाण्यावर ठेवणे.

9 डिसेंबरच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीचा टॉर्पेडो खुकरीला लागला. काही मिनिटांत जहाज गेले. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक, असे 194 जण गेले. 67 वाचले. त्या अठरा अधिकाऱ्यांत जैन होते.

वेग कमी ठेवायला नको होता, असे पुढे पुष्कळ म्हणाले. चर्चा अजून होते. किनाऱ्यावर बसून, निकाल माहीत असताना बोलणे सोपे असते. मला त्या चर्चेत एकच गोष्ट दिसते. ज्याने उपकरण केले, तो ते दुसऱ्याच्या हाती देऊन तुर्भ्याला थांबला नव्हता.

हे मला का लागले, तेही सांगतो. आमच्या शाखेत संगणक आले तेव्हा मी अधिकारी होतो. 'चाचणी समाधानकारक' अशा शेऱ्याखाली माझी सही होती. खरे तर मी वरवर पाहिले होते. पहिल्या दिवशी गोंधळ होणार हे ओळखून मी रजा टाकली. दिवसभर कॅशियर पोरगी काउंटरवर लोकांची बोलणी खात राहिली. पेन्शनर मंडळी रिकाम्या हाती परतली. कुणाचा जीव गेला नाही, खरे आहे. पण दुसऱ्या दिवशी त्या मुलीने मला नेहमीसारखा नमस्कार केला, तो मला आजपर्यंत टोचतो.

पुढे एलटीसीवर दीवला गेलो. तिथे टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, खुकरीची प्रतिकृती काचेत ठेवली आहे. आमची सौ. हात जोडून उभी राहिली. मला त्या मुलीची आठवण आली. का, ते तिथे मी सौ.ला सांगितले नाही. आज सगळ्यांसमोर सांगितले.

नौदल आजही लेफ्टनंट व्ही. के. जैन यांच्या नावाने सुवर्णपदक देते. संरक्षणाच्या कामी उपयोगी पडणारे संशोधन करणाऱ्या नौदलातल्या माणसाला ते मिळते. जे काम अर्धे राहिले, त्याच कामाला त्यांचे नाव जोडले गेले.

तर ताई, तुमच्या मुलाला 'जाऊ नको' असे माझ्याने सांगवत नाही. समुद्र सुरक्षित आहे असेही खोटे सांगणार नाही. तुमची भीती खरी आहे. तो परत येईपर्यंत ती राहणार, आणि त्या दिवसांत आम्ही पंचवीस वर्षांचे शेजारी तुमच्या दाराशी आहोत.

आणि बेटा, तुला एवढेच सांगतो. ज्यावर सही करशील ते स्वतः तपास, आणि वेळ आली की तिथे हजर राहा. रजा टाकू नको. आणि पोहोचलास की आधी आईला फोन कर.

जय हिंद, जय महाराष्ट्र!