गंजून अडकलेल्या शेती-अवजारांची सोडवणूक



रब्बीची काढणी उरकली की पावसाळाभर गोठ्यामागे पडून राहिलेला लोखंडी नांगर बाहेर काढला जातो. फाळ झिजलेला असतो. नवा फाळ बाजारातून आलेला असतो. परंतु जुना फाळ ज्या बोल्टांनी धरून ठेवलेला आहे, ते तसूभरही हलत नाहीत. पान्याने नटाचे कोपरे गोल होतात. मग घण उचलला जातो, आणि चार-दोन घावांत बोल्ट तरी तुटतो, नाही तर त्याहून वाईट म्हणजे बिडाचा भाग तडकतो. एका नटापायी सबंध नांगर भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा समज शेतकऱ्यांत होता आणि तो दूर होण्यास काळ जावा लागला. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि हा नांगर महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचला. लोखंडी नांगराची मोठी सोय ही की झिजतो तो फाळ, आणि तेवढाच बदलता येतो. बोल्ट उघडेनासा झाला की ही सोयच नाहीशी होते. आज बहुतेक नांगरट ट्रॅक्टरवर होते हे खरे; पण ट्रॅक्टरमागच्या पलटी नांगराचा फाळही बोल्टानेच बसविलेला असतो.

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. हा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट अधिक जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधील फट केसाहूनही बारीक. तेथे गंज फुगला म्हणजे पाचर ठोकल्यासारखी स्थिती होते. याचा अर्थ, अडकलेला भाग बहुधा निकामी झालेला नसतो, केवळ जखडलेला असतो. मात्र काही अवजारांवर हे संकट लवकर येते. खत पेरण्याच्या पाभरीत राहिलेले रासायनिक खत हवेतील ओल ओढून घेते. उसाच्या चरकावर आंबट रस वाळतो. मोरचुदाचे पाणी लोखंडाला लागले तर लोखंड विरघळते आणि त्यावर तांबे चढते. नाशिककडील द्राक्षबागांत किंवा कोकणातील पोफळीच्या बागांत बोर्डो मिश्रण वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सोडविण्याच्या कामी पहिले हत्यार वेळ हे आहे, आणि नेमके तेच कोणाजवळ नसते. नांगर होळीला लागणार असेल, तर तेल संक्रांतीला घातले पाहिजे. प्रथम तारेच्या ब्रशाने उघडे आटे स्वच्छ करावेत. माती आणि गंजाचे पापुद्रे राहिले तर तेल आत जाणारच नाही. डिझेल किंवा रॉकेलमध्ये थोडे इंजिन ऑईल मिसळून ते दिवसातून एक-दोनदा थेंब-थेंब सोडावे आणि प्रत्येक वेळी नटावर लहान हातोडीने हलकेच टिचक्या माराव्यात. या टिचक्यांनी गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल पुढे सरकते. घणाच्या घावाने आटे चेपतात. आठवडाभर हे केल्यावर सहा बाजूंना घट्ट बसणारा रिंग पाना लावावा. नट प्रथम किंचित आवळून पाहावा, मग सोडवावा; हलू लागला की तेल घालीत पुढे-मागे फिरवावा. सुटला म्हणून एका दमात उलगडू नये, कारण मोकळा झालेला गंज पुन्हा आट्यांत अडकतो. आणि हे सारे करण्यापूर्वी आटे सुलटे की उलटे हे पाहून घ्यावे. काही फिरत्या भागांवर उलटे आटे असतात, आणि सोडविण्याच्या समजुतीने ते आवळीत बसलेली चांगली जाणती माणसे पाहावयास मिळतात.

तेलाने काम होत नसेल तर उष्णता. येथे गावच्या लोहाराचा भाता गॅसच्या ज्योतीइतकाच उपयोगी पडतो. तापवावयाचा तो नट, बोल्ट नव्हे. २० मिलिमीटर व्यासाचा नट २०० अंशांनी तापला तर त्याचे छिद्र मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाने मोठे होते. एवढी फट पुरेशी असते. भाग कोमट झाल्यावर मेणबत्तीचे मेण आट्यांवर टेकविले तर ते वितळून आत ओढले जाते. तापलेल्या बिडावर पाणी मात्र ओतू नये, ते तडकते. स्प्रिंग तापवू नये, तिचे पाणी उतरते. तेलाने भिजलेला भाग पुसून, मोकळ्या हवेतच तापवावा; जस्ताचा मुलामा असलेल्या भागातून विषारी धूर निघतो. इंधनाची टाकी जवळ नसावी. हवा भरलेल्या टायरच्या चाकाचा नट तर कधीही तापवू नये. टायर फुटून माणसे दगावतात.

एवढ्याने भागले नाही तर नटाचा बळी द्यावा. करवतीने किंवा छिन्नीने नट उभा चिरला की बोल्टाचे आटे शाबूत राहतात. नांगराच्या चपट्या डोक्याच्या बोल्टाची चौकोनी मान झिजून बोल्ट नटाबरोबरच फिरू लागतो, तेव्हा हाच मार्ग उरतो. नट स्वस्त आहे. कमीपणा मानण्याचे कारण नाही.

जुन्या ऑईल इंजिनाचा दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकला असेल तर पथ्य तेच, धीर मात्र अधिक. हेड उतरवून दट्ट्यावर डिझेल व तेलाचे मिश्रण ओतावे, कित्येक दिवस मुरू द्यावे आणि रोज फ्लायव्हील दोन्ही दिशांना हाताने हलवून पाहावे. ठोकणे भागच पडले तर मध्ये लाकडाचा ठोकळा धरावा. सुटल्यावर सिलिंडर, लाइनर व रिंगा तपासून घ्याव्यात. वर ओतलेले डिझेल रिंगांमधून खाली उतरलेले असते, म्हणून तळातील तेल संपूर्ण बदलल्यावाचून इंजिन चालू करू नये.

सुटे झालेले भाग स्वच्छ करण्याच्या दोन रीती शाळेच्या प्रयोगशाळेला शोभतील अशा आहेत. साखर कारखान्याच्या ज्या दाट, काळ्या मळीपासून मद्यार्क काढतात, तिचा एक भाग नऊ भाग पाण्यात मिसळून लोखंडी वस्तू त्यात एक ते तीन आठवडे बुडवून ठेवल्यास गंज सुटतो. ॲल्युमिनियमचे भाग यात घालू नयेत. दुसरी रीत विजेची. प्लॅस्टिकच्या बादलीत लिटरमागे सुमारे १० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून गंजलेली वस्तू १२ व्होल्टच्या चार्जरच्या ऋण टोकाला व भंगार लोखंडाचा पत्रा धन टोकाला जोडावा. दोघांचा एकमेकांस स्पर्श होऊ देऊ नये. पत्रा स्टेनलेस पोलादाचा नसावा, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर आणि शिक्षकांच्या देखत व्हावे.

ग्रामपंचायतींना येथे फार खर्चाचे असे काही करावयाचे नाही. चांगल्या रिंग पान्यांचा एक संच, तारेचे ब्रश आणि तेलाची झारी एवढे गावात एके ठिकाणी असले, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेला एखादा तरुण पौषात अवजारांवरून फिरला, तरी पुष्कळ नांगर काट्यावर जाण्यावाचून राहतील. मोठमोठ्या अवजारांच्या अनुदानाविषयी बोलताना या झारीचा विसर पडतो.

नवा फाळ बसविताना बोल्टाच्या आट्यांना ग्रीस चोळावे, ग्राफाइट मिळाल्यास तेही त्यात मिसळावे. नांगरट संपल्यावर माती खरवडून फाळावर जुन्या तेलाचा हात फिरवावा आणि नांगर जमिनीला न टेकविता फळीवर, छपराखाली ठेवावा. फाळ पुन्हा झिजणारच आहे आणि तो बोल्ट पुन्हा उघडावा लागणारच आहे.