फाट्यावरची माणसे



संमेलनाच्या अध्यक्षाने साहित्याच्या भवितव्याची चिंता करायची, अशी आपल्याकडे रीत आहे. उद्घाटकांनी ती सकाळीच पुरेशी केली, त्यामुळे मी सुटलो. उमेदीची वर्षे मी कोर्टाच्या बातम्या लिहिण्यात घालवली. त्यातला बराच काळ दहशतवादाच्या खटल्यांत गेला. त्याबद्दलच आज बोलणार आहे. जगभरच्या संघटनांची यादी वाचून दाखवणार नाही. ती तुम्हाला कुठेही मिळेल. मला या पनवेलच्या वेशीवरून जाणाऱ्या रस्त्याबद्दल बोलायचे आहे.

या गावच्या नाट्यगृहाला वासुदेव बळवंत फडक्यांचे नाव आहे. जन्म १८४५ चा, इथून जवळच्या शिरढोणचा. पुण्यात सरकारच्या लष्करी हिशेब खात्यात कारकून. १८७६-७७ च्या दुष्काळात गावेच्या गावे उपाशी पडलेली पाहून या कारकुनाने रामोशांना जमवले, १८७९ च्या फेब्रुवारीत धामारीवर धाड घातली आणि पुढे गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्या डोक्यावर इनाम लावले. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक कोकणात उतरले आणि त्यांनी पळस्पे लुटले. होय, आपलेच पळस्पे. जिथून गोव्याचा रस्ता फुटतो ते. परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने दौलतरावांना गाठून ठार केले. फडके जुलैमध्ये विजापूरकडे देवर नावडगीला पकडले गेले, सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, जन्मठेप झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात अन्नत्याग करून ते गेले. दौलतरावांच्या नावाचे नाट्यगृह मात्र मी अजून पाहिलेले नाही.

सरकारदरबारी फडके दरोडेखोर होते. पळस्प्यात ज्यांच्या दारावर धाड आली, त्यांनाही त्या रात्री ते देशभक्त वाटले नसणार. मग नाट्यगृहाला नाव कशाच्या जोरावर? यावर ‘एकाचा दहशतवादी तो दुसऱ्याचा क्रांतिकारक’ असे म्हणून हात झटकणारे बरेच आहेत. मला ते आळशीपणाचे वाटते. फडक्यांनी जाहीरनामा काढला तो स्वतःच्या नावाने, त्यात सरकारकडून काय हवे ते सांगितले, आत्मचरित्र लिहिले, रोजनिशी ठेवली, साथीदारांचा ओढा लुटीकडे जास्त आहे याची खंतही लिहून ठेवली. पुण्यात बुधवार वाड्याला आग लागली तेव्हा संशयाच्या भरात सरकारने न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाला धुळ्याला धाडले. हे सगळे आज आपल्याला तपासता येते, कारण ते कागदावर आहे. शेअर बाजाराच्या तळघरात बॉम्ब भरलेली गाडी लावून निघून जाणारा माणूस यातले काहीही देत नाही. त्याला समोरच्या माणसांशी बोलायचेच नसते.

आता पळस्पे फाट्यावरून दक्षिणेला चला. पेण, माणगाव, तिथून उजवीकडे म्हसळा, श्रीवर्धन, दिघी, शेखाडी. या किनाऱ्यावर तस्करीचा माल उतरणे नवे नव्हते. घड्याळे, ट्रान्झिस्टर, मग सोने, चांदी. माल उतरवायला स्थानिक हमाल, वाहतुकीला ट्रक, आणि प्रत्येक टेबलावर ठरलेला वाटा. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, १९९२ मध्ये अनिवासी भारतीयांना सोने आणायची मुभा मिळाली आणि सोन्याच्या धंद्यातली गोडी ओसरू लागली. होड्या, माणसे, ओळखी आणि वाटे मात्र जागच्या जागी राहिले. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली, त्यानंतर मुंबईत दोन टप्प्यांत दंगली झाल्या, सुमारे ९०० माणसे मेली. सूड घ्यायला निघालेल्यांना आणि त्या सुडाला हत्यार पुरवणाऱ्यांना नवी यंत्रणा उभारावी लागली नाही. कोकणच्या किनाऱ्यावर ती तयार होती.

९ जानेवारी १९९३ च्या रात्री दिघीला माल उतरला. ट्रक निघाले आणि गोंडघर फाट्यावर पोलिसांनी ते अडवले. इथे क्षणभर थांबा. रात्रीची वेळ, तालुक्याचा रस्ता, समोर अडवलेले ट्रक आणि हातात कायदा. इथे गोष्ट संपू शकली असती. त्याऐवजी घासाघीस झाली. आकडा लाखांत ठरला. एवढी रोकड जवळ नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या. लाचेसाठी तारण! कोर्टात हे पुराव्यात आले तेव्हा मला त्यातली सावकारी शिस्त सगळ्यात भयानक वाटली. व्यवहार अगदी चोख होता.

पुढे फेब्रुवारीत शेखाडीला दोनदा आरडीएक्स, एके-५६ रायफली आणि हातबॉम्ब उतरले. ८ मार्चला सांदेरीच्या डोंगरावर मुलांना गोळीबाराचे आणि हातबॉम्बचे धडे दिले गेले; चारच दिवसांनी, १२ मार्चच्या दुपारी, शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, दादरचा प्लाझा. २५७ माणसे मेली, ७०० हून अधिक जखमी झाली. विशेष टाडा न्यायालय आर्थर रोड तुरुंगाच्या आवारात बसायचे. न्यायमूर्ती प्रमोद कोदे यांनी १२३ आरोपींपैकी १०० जणांना दोषी ठरवले. त्यांत कस्टमचे अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा होते, त्यांचे सहकारी होते, पोलीस होते. थापांना जन्मठेप झाली. २१ मार्च २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने या खटल्याचा शेवटचा निकाल दिला, तेव्हा पाकिस्तानी गुप्तचर यंत्रणा आयएसआयवर जसे बोट ठेवले तसेच आपल्या कस्टम आणि पोलिसांवरही ताशेरे ओढले. वृत्तपत्रांनी पहिली गोष्ट मथळ्यात घेतली. दुसरी आतल्या पानावर गेली.

राज्यपुरस्कृत दहशतवाद म्हणजे काय, हे मला कुठल्या व्याख्येतून कळले नाही, या खटल्यातल्या एका तपशिलातून कळले. मुंबईची मुले दुबईला गेली. तिथून विमानाने इस्लामाबादला गेली, शस्त्रे चालवायला शिकली आणि परत आली. या सगळ्यात पाकिस्तानच्या विमानतळावर त्यांच्या पासपोर्टवर शिक्का पडला नाही. परदेशी माणूस देशात येतो, लष्करी प्रशिक्षण घेतो, बाहेर जातो आणि कागदावर तो आलेलाच नसतो. हे काम कुठलीही टोळी करू शकत नाही. ते फक्त राज्यच करू शकते. तिथे वरून हुकूम होता म्हणून टेबलावरचा माणूस गप्प बसला; इथे खालून पैसा आला म्हणून फाट्यावरचा माणूस बाजूला झाला. दोघांच्या मधून एकच माल गेला.

आणि हे फक्त पाकिस्तानच करते असे समजू नका. लिबियाने लॉकरबीच्या विमानस्फोटाची जबाबदारी पंधरा वर्षांनी, २००३ मध्ये स्वीकारली, भरपाईही दिली. फ्रान्सच्या गुप्तहेरांनी १९८५ मध्ये ऑकलंड बंदरात ग्रीनपीसचे ‘रेनबो वॉरियर’ जहाज बुडवले, त्यात एक छायाचित्रकार मेला, आणि आधी कानावर हात ठेवणाऱ्या लोकशाही सरकारला काही महिन्यांत ते कबूल करावे लागले. कबूल करावे लागले, कारण न्यूझीलंडच्या पोलिसांनी नेमाने तपास केला आणि फ्रेंच पत्रकारांनी आपल्याच सरकारचा पाठपुरावा सोडला नाही. आपल्या व्यवसायाला अभिमान वाटावा अशी ती गोष्ट आहे.

आपल्याकडे काय झाले? १९९३ च्या कटावर गाजलेले पुस्तक हुसेन झैदींनी इंग्रजीत लिहिले, त्यावरचा सिनेमा हिंदीत निघाला. घटना आपल्या किनाऱ्यावर घडली, साक्षीदारांतले कित्येक मराठी बोलणारे, आरोपींतही मराठी माणसे. आणि मराठी कादंबरीला मात्र गोंडघर फाटा सापडला नाही. आपल्याला नायक आवडतात. तुकाराम ओंबळे यांच्यावर आपण भरभरून लिहिले, आणि लिहायलाच हवे होते. हातात लाठी असलेला साताऱ्याच्या केडंब्याचा एक सहायक फौजदार २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर एके-४७ ची नळी सोडत नाही, म्हणून एक हल्लेखोर जिवंत सापडतो आणि सारा कट जगासमोर येतो. पण ओंबळ्यांचे मोल नीट कळायला फाट्यावरचा तो दुसरा पोलीसही कळावा लागतो. दोघांचे खाते एक, पगार साधारण सारखा, घरची ओढाताणही सारखी. मग एक हात नळीला घट्ट धरून राहतो आणि दुसरा चांदीची वीट घेतो, हे कसे? कादंबरीकाराला याहून मोठा प्रश्न कुठला हवा? तो सोडून आपण दाढीवाला खलनायक रंगवत बसतो.

दाढीवरून आठवले. ८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात शब-ए-बारातच्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी स्फोट झाले. मेलेले जवळपास सगळे मुसलमान, आणि पकडलेले नऊ जणही मुसलमान. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. त्याच २००६ च्या ११ जुलैला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे गेली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या खटल्यातल्या सर्व बारा आरोपींना निर्दोष ठरवले. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जावे लागणार नाही. ३१ जुलैला मालेगावच्या २००८ च्या स्फोटातल्या सातही आरोपींची सुटका झाली. लोकलच्या निकालावर आनंद मानणारे मालेगावच्या निकालावर संतापले, मालेगावच्या निकालावर पेढे वाटणारे लोकलच्या निकालावर चिडले. या दोन्ही गर्दींत मेलेल्यांचे नातेवाईक कुणाला दिसले? लोकलमध्ये मुलगा गेला त्या बापाला आणि मालेगावच्या भिक्खू चौकात मुलगी गेली त्या आईला एकच उत्तर मिळाले आहे: कुणीच केले नाही.

आणि या सगळ्या वर्षांत ‘पोलीस सूत्रांनी सांगितले’ हे शब्द आपल्या बातम्यांत किती वेळा आले असतील! सूत्रांचे नाव नसते, पण आरोपीचे नाव, गाव, फोटो, बापाचा धंदा, सगळे असते. अटकेची बातमी आठ कॉलम आणि सुटकेची दोन परिच्छेद.

पनवेलही यातून सुटलेले नाही. २० फेब्रुवारी २००८ ला इथल्या सिनेराज चित्रपटगृहात ‘जोधा अकबर’ चालू असताना कमी ताकदीचा स्फोट झाला. पुढे वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला आणि ४ जूनला ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये स्फोट झाला, सात जण जखमी झाले. कारण काय, तर एक नाटक! नाट्यगृहांच्या त्या प्रकरणात २०११ मध्ये दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. कुणी मेले नाही म्हणून ते आपण विसरून गेलो. नाटकवाल्यांनी तरी विसरायला नको होते.

गडचिरोलीबद्दल मी थोडेच बोलतो, कारण त्यावर बोलण्याचा अधिकार तिथे राहून लिहिणाऱ्यांचा आहे. माओवाद्यांच्या हल्ल्यांत लाहेरीला २००९ मध्ये सतरा पोलीस मारले गेले, जांभुळखेड्याला २०१९ च्या महाराष्ट्रदिनी पंधरा जवान आणि त्यांचा चालक. दोन्ही बाजूंनी मेलेल्यांत गोंड-माडिया पोरे किती, हे मोजायला कुणाला फुरसत नाही. याच पनवेल तालुक्यातल्या तळोजा तुरुंगात खटल्याची वाट पाहत, कंपवाताने पेला धरता येत नाही म्हणून स्ट्रॉ मागत असलेले स्टॅन स्वामी जुलै २०२१ मध्ये कोठडीत असतानाच रुग्णालयात वारले. त्यांच्यावरचे माओवाद्यांशी संबंधांचे आरोप खरे की खोटे, हे आता कुठलेही न्यायालय त्यांच्यासमोर सांगणार नाही. दहशतवादाशी लढणाऱ्या राज्याने एक स्ट्रॉ देताना इतका विचार करावा, हे मला शोभादायक वाटत नाही, आणि असे म्हटल्याने मी माओवाद्यांचा होत नाही.

एक गोष्ट मात्र बदलली आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी हत्यारबंद माणसे दिसल्याचे शाळेत सांगितले आणि अख्खी यंत्रणा कामाला लागली. शोध घेतला, काही सापडले नाही. मुलांची थट्टा झाली, ती मला आवडली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बोट लागली, आत तीन एके रायफली होत्या. वाहिन्यांनी संध्याकाळपर्यंत युद्ध पुकारले. बोट वादळी समुद्रात खलाशांनी सोडून दिलेली आणि वाहत आलेली निघाली. वाहिन्यांचा धिंगाणा सोडून द्या. बोट दिसल्याबरोबर किनाऱ्यावरच्या लोकांनी पोलिसांना कळवले, आणि रायफली विकायला कुणी गेले नाही. १९९३ साली याच किनाऱ्यावर हे गृहीत धरता येत नव्हते.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. त्या काळात शेखाडी, दिघी, म्हसळा भागात जे हमाल, ट्रकचालक, कोळी, शिपाई, कारकून होते, त्यांतले हयात आहेत ते आता साठी-सत्तरीत आहेत. काहींनी शिक्षा भोगली, काही साक्षीदार झाले, काहींनी फक्त पाहिले आणि गप्प बसले. तुमच्यापैकी जे या जिल्ह्यात राहतात, त्यांनी त्यांच्याकडे जाऊन बसावे. त्यांची नावे छापायची गरज नाही. त्यांना दोषी ठरवायलाही जाऊ नका, ते काम न्यायालयाने केले आहे. त्या रात्री रस्त्यावर काय झाले, कोण कुणाला काय म्हणाले, घरी बायकोला काय सांगितले, तेवढे मराठीत उतरवून घ्या. टाडा न्यायालयाचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल हजारो पानांचे आहेत, इंग्रजीत आहेत. त्यातला रायगडपुरता भाग मराठीत आणायला आपल्यातल्या चार वकिलांनी आणि चार पत्रकारांनी एक वर्ष द्यावे. संयोजकांनी त्यासाठी समिती नेमू नये. काम सुरू करावे. पहिले नाव माझे लिहून घ्या.