कागद, दोरी आणि सँडर

केस कुरळे करताना बटेच्या टोकाला गुंडाळतात तो इवलासा अर्धपारदर्शक कागद तुम्ही पार्लरमध्ये पाहिला असेल. लॉस एंजेलिसचे चित्रकार मार्क ब्रॅडफर्ड यांनी तो थेट कॅनव्हासवर चिकटवला. १९६१ साली जन्मलेले ब्रॅडफर्ड आईच्या सलूनमध्ये काम करायचे. कलाशिक्षणाला लागले ते तिशीच्या आसपास. रंग महाग, हे कागद स्वस्त. कडा जाळल्या की काळसर रेघ आपोआप मिळते आणि ओळीनं चिकटवले की शहराच्या नकाशासारखी जाळी उमटते.

पुढे त्यांनी रस्त्यावरची जाहिरातींची पोस्टरं उचलली. कागदाचे थरावर थर, मध्ये दोरी, आणि मग त्यावर सँडर, म्हणजे सुताराचं घासायचं यंत्र! रंग लावण्यापेक्षा खरवडणंच जास्त. आपल्याकडे भिंतीवर साचलेली सिनेमाची पोस्टरं पावसात सोलवटतात ना, साधारण तसं. फक्त इथे प्रत्येक ओरखड्यामागे नजर आहे.

२०१७ साली व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांनी अमेरिकेचं प्रतिनिधित्व केलं. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या हिर्शहॉर्न संग्रहालयात त्यांचं ‘पिकेट्स चार्ज’ हे काम लागलं. हे नाव अमेरिकी यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईतल्या एका चढाईचं. त्या लढाईचं एक अवाढव्य वर्तुळाकार चित्र १८८३ साली काढलं गेलं होतं. त्याच्या मोठ्या छापील प्रती ब्रॅडफर्ड यांनी कागदांच्या थरांत दडवल्या, फाडल्या, दोऱ्या ओढून चिरल्या. आठ भव्य कॅनव्हास, गोल दालनात. चिरांमधून कुठे घोडा डोकावतो, कुठे नुसता धूर.