तोंडाचा कर्करोग आणि शरीराचे रक्षक
(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत जमाखर्च सादर करून मी खाली बसतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तथापि रुग्ण साहाय्य निधीकडे आलेल्या एका अर्जामुळे मला आमच्या डॉक्टरांसमोर विद्यार्थी होऊन बसावे लागले. त्यांच्याकडून जे उमगले ते आपणांसमोर ठेवण्याची अनुज्ञा अध्यक्ष महोदयांनी दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

अर्ज एका तरुणाचा होता. कुटुंबाच्या संमतीने ही हकिकत सांगत आहे. त्याच्या वडिलांना गालाच्या आतील बाजूस कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले आणि काही महिन्यांत गाठ पुन्हा उद्भवली. ‘प्रतिकारशक्ती जागी करणारे इंजेक्शन’ मिळावे, अशी त्याची विनंती होती. मी दरपत्रक पाहिले. पूर्ण मात्रेने काही महिने उपचार केल्यास एकाच रुग्णावर निधीचा फार मोठा हिस्सा खर्ची पडला असता. मी गप्प राहिलेला पाहून तो म्हणाला, “साहेब, प्रतिकारशक्ती तर प्रत्येकाच्या अंगात असते ना? मग माझ्या वडिलांचीच कशी झोपली?” या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

डॉक्टरांनी दिलेले उत्तर असे, की ती झोपलेली नसते. ती फितूर झालेली असते. आपल्याकडील अनेक बळकट किल्ले तोफांनी नव्हे तर फितुरीने पडले, हे आपण जाणतोच. तोंडाच्या कर्करोगाची वाटचालही बरीचशी तशीच असते.

१८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून पाहिला. काट्याभोवती भटक्या पेशी गोळा झाल्या. परक्या वस्तूला गिळू पाहणाऱ्या या भक्षक पेशींच्या अभ्यासासाठी त्यांना १९०८ सालचे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिच यांच्यासमवेत मिळाले. आपल्या शरीरातील या पेशींकडे दोन कामे असतात : शत्रूला गिळणे आणि जखम भरून काढणे. तंबाखू, सुपारी आणि चुना यांची गोळी वर्षानुवर्षे गालात राहिली, की तेथील अस्तर रोज दुखावते आणि रोज दुरुस्तीला निघते. दुरुस्तीसाठी या पेशी वाढीस चालना देणारी द्रव्ये स्रवतात, नव्या रक्तवाहिन्या उभारण्यास मदत करतात. एखादी पेशी कर्करोगाच्या मार्गाला लागली, की हीच रसद तिला आयती मिळते. पहारेकरीच गवंडी होऊन शत्रूचे घर बांधू लागतो.

दुसरे रक्षक म्हणजे मारक टी-पेशी. बिघडलेली पेशी ओळखून तिला नष्ट करणे हे त्यांचे काम. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीत या पेशी मोठ्या संख्येने शिरलेल्या आढळल्या, तर रुग्णाचे पुढील आयुष्य सामान्यतः बरे जाते. परंतु या पेशींवर त्यांना आवरणारी एक कळ असते. आपल्याच शरीरावर त्यांनी हल्ला करू नये, यासाठी निसर्गाने केलेली ती सोय आहे. कर्करोगाच्या पेशी नेमकी तीच कळ दाबून धरतात. शिवाय मारक पेशींना लगाम घालणाऱ्या नियामक टी-पेशींनाही गाठ आपल्याभोवती जमवते. या नियामक पेशींचा शोध आणि त्यांचे कार्य उलगडल्याबद्दल २०२५ सालचे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना देण्यात आले. मारक पेशी गाठीपर्यंत येतात, पण दमून, हात बांधल्यागत उभ्या राहतात. पुढे ज्या मानेतील लसिकाग्रंथींमध्ये या पेशींना शत्रूची ओळख पटवून दिली जाते, तेथेच बहुधा रोगाचा पहिला मुक्काम पडतो.

दाबलेली कळ सोडविणारी औषधे ज्या संशोधनातून आली, त्यासाठी २०१८ साली जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत २०१६ पासून ही औषधे डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगावर मान्य झाली. मात्र ती रामबाण नव्हेत. केवळ या औषधाने ज्यांची गाठ लक्षणीय आकसते, असे रुग्ण पाचात एक किंवा त्याहूनही कमी. कधी कधी मोकळ्या झालेल्या पेशी थायरॉइड, फुप्फुस वा आतड्यावरच उलटतात. आणि किंमत तर सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची.

येथे परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने एक मोलाचा प्रयत्न केला. डोके-मानेचा कर्करोग बळावलेल्या किंवा उलटलेल्या १५१ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. तेथे निवोलुमॅब दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम, तेही तोंडाने घ्यावयाच्या स्वस्त औषधांच्या जोडीने देण्यात आले. केवळ स्वस्त औषधे घेणाऱ्यांपैकी एक वर्षानंतर सुमारे १६ टक्के रुग्ण हयात होते. अल्प मात्रेची जोड मिळालेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के.

डॉक्टरांनी हाच मार्ग सुचविला, निधी समितीने तो मान्य केला. त्या तरुणाचे वडील पुढे अकरा महिने जगले आणि अखेरचे काही आठवडे वगळता घरचे मऊ अन्न स्वतःच्या हाताने खात होते. हे औषधामुळेच घडले, असे एका रुग्णावरून म्हणता येत नाही. परंतु अर्जावर ‘निधीअभावी नामंजूर’ असा शेरा मारावा लागला नाही, याचे समाधान मला आहे.

समाधान आहे, तशी रुखरुखही आहे. तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या गालात पांढरा चट्टा होता आणि तोंड पूर्ण उघडत नव्हते, असे त्या तरुणाने मला नंतर सांगितले. कोणाला दाखविले नव्हते. असा प्रत्येक चट्टा कर्करोगात परिवर्तित होतो असे नाही. पण त्या टप्प्यावर बहुतेक रक्षक अद्याप आपल्या बाजूचे असतात, आणि तंबाखू-सुपारी सोडल्यास त्यांच्यावरील रोजचा घाव थांबतो. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नियमित तोंड तपासल्याने तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांतील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू घटतात, हे त्यातून दिसले. त्यासाठी लागते काय? एक विजेरी, हातमोजे आणि पारखी नजर.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४४ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाले. या आकड्यांपुढे आपला निधी ओंजळभर आहे. म्हणूनच माझी नम्र सूचना आहे, की येत्या वर्षी निधीचे दोन भाग करावेत : एक अल्प मात्रेच्या उपचारांसाठी आणि दुसरा गावोगावच्या मोफत मुखतपासणीसाठी. पहिल्या भागातून आज दारात उभ्या असलेल्या रुग्णाला हात देता येईल. दुसऱ्यातून उद्याचे काही अर्ज आपल्या टेबलावर येणारच नाहीत. लेखापाल म्हणून सांगतो, न आलेल्या अर्जाची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही. पण संस्थेची खरी शिल्लक तीच.

रुग्णांच्या आप्तेष्टांना एकच विनंती. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, कमी उघडणारे तोंड, मानेतील गाठ यांपैकी काहीही आढळल्यास दुखण्याची वाट पाहू नका. आरंभी ते बहुधा दुखत नाही.