पाण्याबाहेरचा गुणाकार

कवितेचा माणूस आज मोटारीविषयी बोलणार आहे, तेही खेळण्यातल्या बोटीच्या. मी बी.ए. झालेला, गणिताशी माझा संबंध फार पूर्वी तुटला होता. गेल्या ईदला भाच्याला दिलेल्या एका बॅटरीमुळे तो पुन्हा जोडावा लागला.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. रेडिओलहरींवर चालणारी हातभर लांबीची बोट त्याने स्वतः बांधली. अशी बोट काही नवी नव्हे. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ती लोकांसमोर चालवून दाखवली होती. नवी आहे ती आतली ब्रशलेस मोटार. जुन्या मोटारीत कार्बनचे ब्रश घासत असत. हिच्यात तारेची वेटोळी स्थिर, मधला चुंबकाचा दांडा तेवढा फिरतो, आणि कुठल्या वेटोळ्याला कधी वीज द्यायची ते स्पीड कंट्रोलर ठरवतो. ब्रशचं घासणं गेलं, तसा वेगावरचा एक लगामही गेला.

बोटीला तीन सेलची एक लिथियम पॉलिमर बॅटरी होती. तशीच दुसरी मी ईदी म्हणून दिली. "मामू, आता दोन्ही एका ओळीत जोडतो," तो म्हणाला. "जोड की," मी म्हणालो. काय जोडतोय ते विचारलंही नाही.

पडवीत दोन विटांवर बोट ठेवून त्याने वेग पूर्ण सोडला. आवाज चढत चढत शिट्टीसारखा झाला आणि खाडकन काहीतरी फुटलं. प्लॅस्टिकच्या पंख्याचं एक पातं तुटून खिडकीच्या काचेवर आदळलं होतं. काचेच्या आतून आठ वर्षांची भाची नाक लावून भावाची गंमत बघत होती. काच तडकली, फुटली नाही. आपा मुलाला काही बोलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

त्या रात्री भाच्याने कागद पुढे घेतला. या मोटारींवर 'केव्ही' म्हणून एक आकडा असतो. किलोव्होल्ट नव्हे; एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, तो हा आकडा. आमच्या मोटारीचा २२०० होता. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट देतो. तीन सेलचे १२.६ व्होल्ट, म्हणजे सुमारे २७,७०० फेरे. सहा सेलचे २५.२ व्होल्ट, म्हणजे ५५ हजारांच्या वर. मोटारीच्या कागदावर कमाल मर्यादा ५० हजार लिहिलेली होती. गुणाकार चौथीतल्या पोरालाही जमला असता.

मला कळेना, की मर्यादा पाच हजारांनी ओलांडली तर एवढं काय बिघडलं? पण वेग दुप्पट झाला की फिरणारी वस्तू बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. मिनिटाला ३० हजार फेऱ्यांवर, मध्यापासून एक सेंटिमीटर अंतरावरच्या कणावर गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट ओढ पडते. तिथे पाच ग्रॅमचा चुंबक असेल तर तो सुमारे ५० किलो वजनाच्या जोराने निसटू पाहतो. ५५ हजारांवर तोच जोर १६५ किलोंच्या पुढे जातो. त्याला धरून काय ठेवतं? डिंकासारखा चिकट पदार्थ आणि वर गुंडाळलेला धागा, नाहीतर पातळ नळी. मोटार उघडली तेव्हा आमच्या चुंबकाचा टवका उडालेला होता.

इथे मला अब्बांची आठवण झाली. ते दाभोळच्या खाडीतून मच्छीमारी लाँच काढायचे. लाटेवर लाँचची मागची बाजू उचलली जाऊन पंखा हवेत आला की इंजिन एकदम किंचाळायचं. पाण्याचं ओझं गेलं की पंख्याला अडवणार कोण? डिझेल इंजिनाला गव्हर्नर असतो, तो इंधन आवरतो. तरी अब्बांचा हात आधीच वेगाच्या दांड्यावर गेलेला असायचा.

छोटी बोट तर उडतच चालते. तिचा पंखा पाण्यात कमी आणि हवेत जास्त, असं म्हटलं तरी चालेल. म्हणून पाण्यातल्या, ओझ्याखालच्या फेऱ्यांवर विसंबायचं नाही. मर्यादा धरायची ती पाण्याबाहेरच्या गुणाकाराची, तीही बॅटरी काठोकाठ भरलेली असताना. एक बरं आहे, की ही मोटार बॅटरीवर चालताना या गुणाकाराच्या वर सहसा जात नाही. त्यामुळे तिचा गव्हर्नर टेबलावरच, मोटार आणि बॅटरीची जोडी निवडताना बसवता येतो. हौशी मंडळी साधारण ३० ते ३५ हजारांत राहतात. ४० हजारांच्या पुढचं शर्यतवाल्यांनी बघावं. मोटारीच्या कागदावरचा आकडा याहून कमी असेल तर तोच खरा. कंट्रोलरचीही मर्यादा असते. चुंबकाचे ध्रुव वाढले की त्याला प्रत्येक फेऱ्याला जास्त वेळा वीज फिरवावी लागते आणि त्याचा वेग आधीच संपतो.

वेग कमी ठेवण्याला आणखी एक कारण आहे. पाण्यात तोच पंखा दुप्पट वेगाने फिरवायला सुमारे आठपट शक्ती लागते. तिचा काही भाग उष्णता होऊन मोटारीत साठतो, आणि साधे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपली ताकद गमावू लागतात. बोट धावताना तळातून आत येणारं पाणी मोटारीला थंड करतं. विटांवर तेही नसतं. कोरड्यावर तपासायचंच असेल तर पंखा काढून, कमी वेगात, दोन-चार सेकंद.

भाच्याने सहा सेल सोडले नाहीत. विशीतला मुलगा सोडेल कसे? मोटार मात्र बदलली. नवीचा केव्ही १४०० आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने शाईने लिहून ठेवलंय: १४०० गुणिले २५.२, बरोबर ३५,२८०. तळ्यावर आम्ही तिघं जातो. भाची काठापासून वीस पावलांवर, कडुलिंबाखाली बसते. काचेचे पैसे मी दिले.